काम आणि गेम एकाच पीसीवर: सुटे भाग कसे निवडावेत

पीसी जोडायचा ठरला की बहुतेकांची यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवलं जातं. पीसी फक्त गेमसाठी असेल तर हे एकवेळ चालून जातं. पण दिवसभर ज्याच्यावर पोटापाण्याचं काम आणि रात्री गेम, तो पीसी मध्येच बंद पडून चालत नाही. म्हणून मी प्रत्येक भागाला आधी एकच प्रश्न लावतो: हा उद्या बदलायचा झाला तर किती उकलावं लागेल? ग्राफिक्स कार्ड दहा मिनिटांत निघतं, एसएसडी तर एका स्क्रूवर बसलेली असते. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे मात्र सगळा पीसी सुटा करायचा, आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलायचा म्हणजे एकूणएक वायर नव्याने ओढायची. जे खोलवर बसतं तिथे हात आखडता घेऊ नये. जे सहज निघतं ते पुढच्या वर्षीही घेता येतं. रॅम दिसायला सहज निघणाऱ्या गटातली, पण डीडीआर५ ही नवी पिढी आल्यापासून ती पहिल्याच फटक्यात नीट घ्यायची वस्तू झाली आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

इथली उदाहरणं मधल्या बजेटच्या पीसीची आहेत: १४४० पी मॉनिटरवर गेम, आणि सोबत प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर). किमती मुद्दाम देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव आठवड्याला बदलताना दिसले आहेत.

मॉनिटर आधी ठरवा

ग्राफिक्स कार्ड किती मोठं हवं हे मॉनिटर ठरवतो, म्हणून त्याला शेवटी ढकलू नका. १०८० पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पी मध्ये ३६.९ लाख. म्हणजे कार्डाला प्रत्येक फ्रेममागे पावणेदोनपट काम. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर पिक्सेलची दाटीही बघा. २४ इंची १०८० पी वर इंचाला साधारण ९२ पिक्सेल येतात आणि अक्षरं ठीक दिसतात. तेच १०८० पी २७ इंचांवर ताणलं की दाटी ८२ वर येते, आणि देवनागरीतल्या बारीक मात्रा-वेलांट्या फुटलेल्या दिसू लागतात. २७ इंची १४४० पी वर ही दाटी १०९ होते. काम आणि गेम दोन्हींसाठी माझी पसंती याच आकाराला, आयपीएस पॅनेल आणि १६५ किंवा १८० हर्ट्झ. ओएलईडी गेमला देखणा दिसतो, पण टास्कबार आणि कोड एडिटरची चौकट रोज आठ-दहा तास एकाच जागी राहणार असेल तर पडद्यावर डाग उमटण्याची जोखीम आहे.

ग्राफिक्स कार्ड: आधी व्हीरॅम

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं २०२५ मध्ये ८ जीबी आणि १६ जीबी व्हीरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी) अशा दोन रूपांत आली. खोक्यावर नाव तेच, फरक एका छोट्या आकड्याचा. १४४० पी साठी ८ जीबीचं कार्ड घेऊ नका. व्हीरॅम भरली की उरलेला डेटा पीसीआयई (कार्ड आणि बोर्डमधला डेटाचा रस्ता) वाटे मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो. तो रस्ता व्हीरॅमच्या मानाने फारच अरुंद आहे. मग सरासरी फ्रेमरेट बरा दिसत असूनही गेममध्ये मान वळवली की हिसका बसतो, किंवा भिंतींचे पोत धुरकट राहतात. ब्लेंडरमध्ये तर मोठा सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर रेंडर रखडतो किंवा चक्क थांबतो.

या दोनांत आणखी एक फरक आहे. ५०६० टीआय पीसीआयईच्या ८ लेन वापरतं, ९०६० एक्सटी पूर्ण १६. नव्या मदरबोर्डवर हे जाणवत नाही. पण पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर कार्ड बसवणार असाल तर ८ लेनचं कार्ड, त्यात ८ जीबी, ही जोडी सगळ्यांत वाईट.

निवड शेवटी कामाच्या सॉफ्टवेअरवर येऊन ठेपते. ब्लेंडर, घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं, किंवा जिथे कुडा (फक्त एनव्हिडिया कार्डांवर चालणारी गणनाप्रणाली) लागतंच अशा प्लगइन्स, यांसाठी एनव्हिडिया. निव्वळ गेम आणि ऑफिस असेल तर एएमडीच्या १६ जीबी कार्डात पैशांचा मोबदला चांगला मिळतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी: अनेक नवे कॅमेरे १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) पद्धतीत रेकॉर्ड करतात. ते फुटेज हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या अलीकडच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये आहे आणि एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली. आरटीएक्स ४० पर्यंतच्या कार्डांत ती नाही. ती नसली की महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते, आणि प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवत बसावं लागतं.

प्रोसेसर आणि त्याच्या नावातले सापळे

नवा पीसी जोडत असाल तर एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची बैठक) घ्या असं मी सांगेन. तो २०२२ मध्ये आला आणि २०२७ व त्यापुढेही त्याला पाठिंबा देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे आज सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन काही वर्षांनी त्याच बोर्डवर मोठा बसवता येईल. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी संपला.

रायझन ५ ७६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत, खोक्यात कूलर येतो, आणि पूर्ण भारावरही तो साधारण ८८ वॅटच्या आत राहतो. ९६००एक्स त्याच्यापेक्षा वेगवान आहे पण त्याच्यासोबत कूलर येत नाही. तो खर्च धरूनच तुलना करा. कोड कंपाइल करणं, रेंडर, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन असं काम असेल तर ८ कोअरचा ७७०० किंवा ९७००एक्स घ्यावा. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांची ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेममध्ये कमाल करते, पण तिचा फायदा दिसायला कार्डही तितकं मोठं लागतं. १४४० पी वर ५०६० टीआयच आधी दमणार असेल तर प्रोसेसरची ती ताकद वापरलीच जात नाही. ते पैसे कार्डात घाला.

आता सापळे. ८००० मालिका ७००० पेक्षा नवी म्हणून चांगली असेल, असं वाटून बरेच जण ८५००जी घेतात आणि त्याला कार्ड जोडतात. या मालिकेतले प्रोसेसर लॅपटॉपच्या घडणीचे आहेत: एल३ कॅशे ७६०० च्या ३२ एमबीऐवजी १६ एमबी, आणि ८५००जी वर कार्डाला पीसीआयई ४.० च्या फक्त ४ लेन मिळतात. कार्ड न घेता अंतर्गत ग्राफिक्सवरच भागवायचं असेल तरच ही मालिका, आणि तेव्हाही ८६००जी पासून पुढे.

दुसरा सापळा शेवटच्या ‘एफ’ अक्षराचा. ७५००एफ किंवा इंटेलचा १२४००एफ स्वस्त मिळतो, कारण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं. गेमिंग पीसीला त्याचं काय काम, असं वाटेल. पण कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं आणि यायला काही आठवडे लागले, तर ‘एफ’वाला पीसी तोवर निव्वळ खोकं. साध्या ७६०० वर केबल मदरबोर्डला लावून निदान काम तरी चालू राहतं. ज्याचा पगार या पीसीवर अवलंबून आहे त्याने तो थोडा फरक मोजावाच.

सेकंडहँड इंटेल बघत असाल तर तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे मॉडेल जपून घ्या. जादा व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण दुरुस्ती येण्याआधी झालेली झीज बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने भरून येत नाही.

मदरबोर्ड

६५ वॅटच्या प्रोसेसरला कुठलाही बरा बी६५० किंवा बी८५० बोर्ड पुरतो. एक्स मालिकेच्या बोर्डवर उधळपट्टी करायची गरज नाही. तेच पैसे मागच्या यूएसबी पोर्टची संख्या, वाय-फाय, २.५ गिगाबिट लॅन आणि एसएसडीसाठी किमान दोन एम.२ स्लॉट यांत बघा. दोन गोष्टी मी टाळू देणार नाही. एक, बायोस फ्लॅशबॅकचं बटण. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी६५० बोर्डला ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि पडदा काळाच राहतो. हे बटण असेल तर फक्त एसएमपीएस जोडून, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. दुसरी, बोर्डवरचे चार छोटे तपासणी दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. पीसी सुरू होत नसेल तेव्हा कुठे अडलंय हे ते दिवे सांगतात.

विकत घेण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ उघडून एम.२ चं पान वाचा. काही बोर्डांवर दुसऱ्या-तिसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की काही साटा पोर्ट बंद होतात, आणि मग जुनी हार्डडिस्क का दिसत नाही म्हणून शोध सुरू होतो.

रॅम: एकदाच घ्या, जोडीनेच घ्या

डीडीआर३-डीडीआर४ च्या काळात सोय होती: आज दोन स्टिक, पुढे आणखी दोन. डीडीआर५ वर ही सवय सोडावी लागते. रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, आणि चारही स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. चार स्टिकवर ६००० कधी चालतंही, पण ते नशिबावर; कामाच्या पीसीला नशिबावर सोडू नये. म्हणून १६-१६ ची जोडी एकदम घ्या, आणि मोठे व्हिडिओ प्रोजेक्ट असतील तर ३२-३२ ची. ८-८ ची जोडी घेऊ नका. १६ जीबी आज कमी पडतेच, शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर सहसा चारच रुंद चिप असतात आणि आतली बँकांची रचना अर्धी असल्याने ती थोडी मंदही असते.

भाव इतके चढलेत की ३२ जीबी आत्ता झेपत नाही, असं होऊ शकतं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सगळी मागणी एआयच्या डेटा सेंटरकडे वळली. अशा वेळी ८-८ पेक्षा १६ ची एकच स्टिक घेऊन, अगदी त्याच मॉडेल नंबरची दुसरी नंतर घेणं बरं. एका स्टिकवर बँडविड्थ अर्धी होते आणि गेममध्ये ते जाणवतं, पण नंतर काही फेकून द्यावं लागत नाही.

वेगाचा आकडा एकटा वाचू नका. खरा विलंब काढायचं सूत्र सोपं आहे: सीएल (मागितलेला डेटा यायला लागणारे ठोके) गुणिले २०००, भागिले वेग. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, आणि ६००० सीएल४० म्हणजे १३.३. डीडीआर४ ३२०० सीएल१६ सुद्धा १० च भरते. एएम५ साठी ६००० सीएल३० ही ठरलेली उत्तम जागा आहे. भावात मोठा फरक पडत असेल तर सीएल३६ चालेल. ७२०० वगैरेच्या मागे लागू नका, कारण ६००० च्या बऱ्याच वर गेलं की एएम५ चा मेमरी कंट्रोलर सहसा अर्ध्या गतीवर उतरतो आणि कमावलेलं गमावतं.

एसएसडी

पीसीआयई ४.० ची, टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) फ्लॅशची एनव्हीएमई एसएसडी घ्या; ५.० ची गरज नाही. ३.० वाली सेकंदाला साधारण ३५०० एमबी, ४.० वाली ७००० आणि ५.० वाली १४००० पर्यंत जाते, पण गेम उघडायला लागणाऱ्या वेळेत हा फरक जवळपास दिसतच नाही, उलट ५.० वाली तापते. बघायचं ते क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) की टीएलसी. क्यूएलसीवर सुरुवातीला सगळं झकास चालतं, मग ५०-१०० जीबीचं फुटेज एकदम कॉपी करायला घेतलं की कॅशे भरते आणि वेग साध्या साटा एसएसडीच्याही खाली येतो. डेटाशीटमधला टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा) बघितला की ओळखता येतं: १ टीबीच्या चांगल्या टीएलसीला ६०० च्या आसपास असतो, क्यूएलसीला बऱ्याचदा २००-२२०.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यांत कमी चौकशी इथेच केली जाते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ‘४५० वॅट’ एसएमपीएस वापरू नका. मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो जुन्या घडणीचा समजा. चुकून तो खटका ११५ वर गेला तर आपल्या २३० व्होल्टवर तो उडतो, आणि उडताना कधी बोर्डही सोबत नेतो.

हिशेब असा करा. ७६०० चे ८८ वॅट, ९०६० एक्सटी १६ जीबीचे १६० किंवा ५०६० टीआयचे १८०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० ते ६०. एकूण ३३० च्या आत. तरी ६५० वॅटचा घ्या. ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदांपुरतं नोंदलेल्या वॅटेजच्या बरंच वर उडी मारतं, आणि पंख्याचा आवाजही अर्ध्या भारावर कमी असतो. पुढे ५०७० टीआयसारखं ३०० वॅटचं कार्ड घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ७५० घ्या. ८० प्लस गोल्ड हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. आतल्या संरक्षण सर्किटबद्दल तो काही सांगत नाही. वॉरंटीची वर्षं आणि त्याच मॉडेलची सविस्तर चाचणी बघूनच घ्या. मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि चुकीच्या केबलने हार्डडिस्क क्षणात जळते.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी असते. दोष बहुधा पीसीचा नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. भिंतीतली अर्थिंगची वायर तुटलेली असेल किंवा नसेलच, तर कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण चालू पीसीला एचडीएमआय केबल लावताना तोच करंट पोर्ट जाळू शकतो. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसायला हवेत. तसं नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाकडी फळीवर पीसी ठेवून झिणझिण्या थांबतात, धोका तसाच राहतो.

यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो; गेम चालू असताना मॉनिटर धरून आपला पीसी ४०० च्या आसपास जाऊ शकतो, मग लाइट गेल्या क्षणी तो टीटी करून बंद पडतो. १००० ते ११०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजचे छोटे चढउतार स्वतः सावरणारा) घ्या, जमल्यास शुद्ध साइन वेव्हचा, कारण ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस चौकोनी लहरींवर कुरकुरतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणार असाल तर त्याचा खटका यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ एसएमपीएसच्या १६-१७ मिलिसेकंदांच्या दमापेक्षा जास्त असतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही: १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस चढउतार स्वतःच सांभाळतो.

कॅबिनेट आणि उष्णता

परदेशी चाचण्यांतलं तापमान वाचताना त्यांची खोली २०-२२ अंशांची असते हे लक्षात ठेवा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर लावूनही खोली ३५ वर असते, आणि खोली जितकी तापते साधारण तितकेच अंश प्रोसेसर आणि कार्डात भरतात. त्यामुळे पुढून काचबंद, दिव्यांनी झगमगणारं कॅबिनेट आपल्याकडे चुकीचंच. पुढे जाळी, तिथून आत हवा ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक, आणि धुता येईल अशी धूळजाळी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही. रिकाम्या स्लॉटच्या मागच्या पट्ट्या काढून फेकू नका. कोकणात आणि मुंबईत त्या भोकांतून झुरळं आणि पालीची पिल्लं आत जातात आणि बोर्ड शॉर्ट होतो.

७६०० चा सोबत येणारा कूलर चालतो, फक्त उन्हाळ्यात आवाज करतो. एकाच टॉवरचा, चार हीटपाइपचा १२० मिमी पंख्याचा एअर कूलर घेतला की प्रश्न मिटतो. वॉटर कूलिंग या प्रोसेसरना नको. पंप हा आणखी एक बिघडणारा भाग होतो. घेण्याआधी दोन मापं जुळवा: कूलरची उंची, जी बहुधा १५५ ते १६० मिमी असते, आणि कार्डाची लांबी. पुढचे पंखे धरून जागा मोजा.

खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर थोडं स्वस्त पडतं, पण वॉरंटीला गेल्यावर तोच कागद मागतात. भारतातल्या वितरकाकडून आलेला माल आहे ना, हे आधीच विचारा; बाहेरून परस्पर आणलेल्या कार्डाला इथे सहसा वॉरंटी मिळत नाही. मदरबोर्डच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण खोक्यात जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड देताना ते लागतं.

जोडणी

एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डच्या सॉकेटमध्ये १७१८ नाजूक स्प्रिंगसारख्या पिना असतात. प्रोसेसर कडेने धरून, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून, सरळ खाली ठेवायचा; सरकवायचा नाही. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी बसवा आणि एसएमपीएस जोडून एकदा सुरू करून बघा. काही बिघाड असेल तर इथेच कळतो. थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. कूलरच्या तळाची आणि एम.२ हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. ही फिल्म राहून गेल्यामुळे तापणारे पीसी आश्चर्य वाटेल इतके आहेत. कूलरचे स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, बोर्डवर ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डच्या भोकांशी मोजून जुळवा. भोक नसलेल्या जागी एखादा राहिला तर तो बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. वर डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा सीपीयू कनेक्टर सगळ्यांत जास्त विसरला जातो: पंखे फिरतात, पडदा काळा. तो आणि कार्डाचा ८ पिन दिसायला सारखे पण वेगळे आहेत. जोर लावावा लागला तर चुकीचा लावताय असं समजा. कार्डाला १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो कडेची फट पूर्ण मिटेपर्यंत दाबा आणि तोंडापाशी केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो. शेवटी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला, मदरबोर्डला नाही.

पहिला बूट आणि चाचणी

पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहील आणि डीरॅमचा दिवा पेटलेला असेल. घाबरून बंद करू नका. एएम५ बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो, आणि मध्येच बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून. बायोस उघडला की सर्वांत आधी तो अपडेट करा, मग एक्सपो (रॅमला खोक्यावरच्या वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. हा क्रम मुद्दाम सांगतोय: २०२३ मध्ये सुरुवातीच्या बायोसवर एक्सपो लावताच एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर असलेला भाग) व्होल्टेज जास्त जाऊन काही एक्स३डी प्रोसेसर जळले होते, त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एक्सपो चालू केलाच नाही तर ६००० ची रॅम बहुधा ४८०० वर चालत राहते आणि कुणी सांगतही नाही. टास्क मॅनेजरमध्ये ६००० दिसलं पाहिजे. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसेल, तेही बरोबर आहे. ते खरी घड्याळगती दाखवतं आणि डीडीआर दर ठोक्याला दोनदा डेटा पाठवते.

बायोसमध्येच रिसायझेबल बार (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम दिसू देणारी सोय), एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम, म्हणजे सुरक्षेचा भाग) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याची खात्री करा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूटशिवाय चालत नाही. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर सिक्युअर बूट अडतो, म्हणून विंडोज नव्याने जीपीटी या नव्या पद्धतीवरच टाका. डॉकर, अँड्रॉइड एम्युलेटर वापरणाऱ्यांनी एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशनचा) मोडही तपासावा. काही बोर्डांवर तो बंद येतो. विंडोज चढल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १६५ किंवा १८० हर्ट्झ निवडा. नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो.

मग पीसी कामाला लावण्याआधी तासून घ्या. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या रात्रभर चालवा. एकही चूक आली तर ती रॅम किंवा तो वेग नको. एक चूक म्हणजे कधीतरी एक्सपोर्ट केलेली फाइल न उघडणं. ओसीसीटी या ताण देणाऱ्या प्रोग्रॅमवर प्रोसेसर आणि कार्ड एकत्र अर्धा-एक तास, शक्यतो दुपारच्या उकाड्यात आणि कॅबिनेट बंद ठेवून. शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. एएम५ चा ७६०० ९५ अंशांना स्वतःच वेग कमी करतो. तिथवर जात असेल तर आधी कूलरची बैठक बघा, मग बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड (विजेवर मर्यादा घालणारा) लावून बघा. हे सगळं दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीतच उरका. त्या मुदतीत खराब निघालेली स्टिक काउंटरवर बदलून मिळते. मुदत टळली की ती वॉरंटी केंद्राच्या रांगेत जाते आणि तोवर पीसी एका स्टिकवर चालवावा लागतो.